गाळाची चाल

चैत्र संपत आला की आमच्या कॉलेजच्या जिन्यात नव्या बाइंडिंगचा वास भरून राहतो. खळ, रेक्झिन आणि झेरॉक्समधून नुकत्याच निघालेल्या कागदाचा मिळून तो एक वास असतो. शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टच्या काळ्या प्रती छातीशी धरून माझ्या खोलीबाहेर उभी असतात. बुलढाणा घाटावरचं गाव, इथली हवा थंड, असं खालचे लोक अजून म्हणतात. पण एप्रिलच्या दुपारी पंखा तापलेली हवाच इकडून तिकडे ढकलत असतो. सह्या घेता घेता एखादी मुलगी विचारते, मॅडम, तुमचा प्रोजेक्ट कशावर होता? मी सांगते, गाळावर. तिला वाटतं, मॅडम गंमत करताहेत.

गंमत नसते ती. खाणीतून काढलेला दगड किंवा माती दळून, धुऊन कामाचं ते बाजूला काढलं की मागे उरतो दाट, राखाडी गाळ. मोठमोठ्या खाणी तो उघड्या चाऱ्यांनी दूर नेऊन सोडतात. तो चारीतून कसा वाहतो आणि कुठे वाहायचा थांबतो, हा माझा विषय होता. आमच्याकडे तशी मोठी खाण नाही. पण देऊळगाव राजाच्या बाहेर माळावर दगडाची एक खदान आणि तिला लागून क्रशर होता. नदीची वाळू मिळेनाशी झाली तेव्हा तिथे काळा दगड दळून वाळू करायला लागले होते. ती वाळू धुतली की जो गाळ निघायचा, तो खाणीतल्या गाळाचाच धाकटा भाऊ. माझं गाव तिथून जवळ. सर म्हणाले, घरी राहून होतंय तर तिथेच कर. म्हणून शेवटच्या वर्षाचा तो उन्हाळा मी माळावर काढला.

सकाळच्या बसने फाट्यावर उतरायचं आणि पुढे पायी जायचं. क्रशर आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. कडुनिंबांना मोहोर आला होता, पण त्या रस्त्याच्या झाडांची पानं पिठात घोळल्यासारखी पांढुरकी असायची. मोहोराचा वास मात्र धुळीतूनही यायचा. आजही कुठे कडुनिंबाचा मोहोर आला की त्याच्या जोडीने मला फुटलेल्या दगडाचा तो किंचित जळका वास येतो, तिथे दगड असो वा नसो.

चारी म्हणजे सिमेंटची उघडी नाली, हातभर खोल आणि चांगली दोन हात रुंद. यंत्रापासून निघून एक वळण घेऊन ती खालच्या खड्ड्याला मिळायची. पहिल्या दिवशी मी तिच्या काठावर बसून राहिले, वहीसुद्धा उघडली नाही. मी तोवर पाणी पाहिलं होतं, चिखल पाहिला होता. वाहणारा दाट गाळ पाहिला नव्हता. तो खळखळत नाही. वरचा सगळा थर एकसंध सरकत असतो, खालून कुणी चादर ओढत असल्यासारखा. त्याच्यावर कडुनिंबाचं एक पान पडलं. ते ना गिरकी घेतं, ना काठाला लागतं. जसं पडलं तसंच, देठ माझ्याकडे करून, शेवटपर्यंत गेलं. पाण्याला वाहायला जरासा उतार पुरतो. गाळाला आधी पुरेसा जोर लागतो, मगच तो हलतो. जोर कमी पडला की जागच्या जागी थबकतो, आणि थबकला की घट्ट होत जातो.

आणि तो सारखा थबकायचा. तेवढ्यासाठीच शेवंताबाई होत्या.

शेवंताबाई पन्नाशीच्या, उंच, हाडापेराने मोकळ्या. डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधलेला आणि हातात फावडं. गाळ अडला की त्या चारीत उतरायच्या आणि तो पुढे ओढायच्या. दिवसातून दहादा. क्रशरवर येण्याआधी त्यांनी वीस वर्षं लोकांची घरं सारवली होती, भिंती लिंपल्या होत्या, गवंड्याच्या हाताखाली गारा कालवला होता. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या मला पोरी म्हणायच्या, आणि मालक जवळ असले तर बाई.

मालक दिनकरराव. तापट, पण मनात काही ठेवणारे नव्हते. गाळ अडला की यंत्र थांबायचं आणि यंत्र थांबलं की त्यांचा आवाज चढायचा. आठवड्याभरात त्यांनी मला विचारलं, एवढी मापं घेता, तर हा गाळ अडू नये म्हणून काय करायचं ते सांगा. मला बाविसावं वर्ष चालू होतं. माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसाने मला कामाचं काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

मी गाळाचा नमुना कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला होता. त्यातली भरड चुरी तिथल्या मापाच्या यंत्रात अडकत होती, म्हणून गाळ आधी गाळणीतून काढला आणि खाली उतरलेला मऊसूत तेवढा तपासला. आकडे सुरेख आले. पाणी थोडं वाढवलं की गाळ कितीतरी सहज वाहतो, असं ते आकडे सांगत होते. मी दिनकररावांना म्हणाले, पाणी वाढवा.

शेवंताबाई शेजारीच उभ्या होत्या. मालक गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पाणी नोको वाढवू, पोरी. घट्ट असलं का ते चुरीले अंगावर घेऊन चालते. पातळ झालं का चुरी बुडाशी बसते."

मी त्यांना समजावून सांगितलं. वही दाखवली, आलेख दाखवला. किती गोड आवाजात बोलले होते मी, ते आठवलं की आजही मान खाली जाते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हाव म्हणाल्या आणि फावडं उचलून गेल्या.

पहिले दोन दिवस गाळ असा धावला की दिनकररावांनी सगळ्यांना चहा पाजला. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. क्रशरचा आवाज चालूच होता, त्यामुळे दुसरं काही ऐकू आलं नाही. खालच्या शेतातून गजाननभाऊ ओरडत बांध चढून आले, तेव्हा कळलं. वळणावर चारीच्या बुडाशी चुरी बसत गेली होती, दोन दिवसांत तिचा दगडासारखा थर झाला होता, आणि वरून येणारा गाळ काठ ओलांडून खाली उतरला होता.

खाली गजाननभाऊंचा कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट होता. आमच्या भागात बियाण्याची शेती पुष्कळ. लोक तळहातावरच्या फोडासारखी जपतात. कांद्याचे गोंडे पिकत आले होते, आठ-दहा दिवसांत खुडायला येणार होते. कमरेएवढ्या दांड्यांवर पांढरे गोल गोंडे वाऱ्याला डुलत होते, आणि त्यांच्या पायाशी तो राखाडी गाळ पसरला होता. सपाट जमिनीवर येऊन तो थांबला होता, पण पाणी जसं पातळ होत मातीत जिरतं तसा नाही. वीतभर जाडीची कड घेऊन, पुढचं पाऊल टाकता टाकता कुणी हाक मारावी तसा. मधमाश्या अजून गोंड्यांवर होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं.

दिनकररावांनी यंत्र बंद केलं आणि सगळ्यांसमोर शेवंताबाईंना विचारलं की चारीवर नजर ठेवायचं काम कोणाचं. गजाननभाऊही त्यांनाच बोलले. माणूस जागेवर असता तर हे झालं नसतं, म्हणाले. शेवंताबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्याची पाळी आली की आपण त्याच्याकडे पाहतो, तसं. मी वहीकडे पाहत राहिले. मालकांना खरं सांगितलं तर ते मला फाटकाबाहेर काढतील, महिन्यावर तोंडी परीक्षा आहे, सगळं वर्ष जाईल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मी गप्प बसले. शेवंताबाईंना चारीवरून काढून खाली खड्ड्याच्या काठावर, उन्हात, वाळलेला गाळ उपसायला लावलं.

दोन दिवस मी तशीच गेले आणि तशीच आले. मापं घेतली. घरी जेवले, झोपले. माय अंगणवाडीत मदतनीस होती, संध्याकाळी दमून आलेली असायची. तरी तिने एकदा विचारलं, अशी काऊन गप्प आहेस. मी म्हटलं, ऊन लागलं.

तिसऱ्या दिवशी मला खड्ड्यातल्या गाळाचा नमुना हवा होता. वरचा थर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात नदीच्या पात्राला पडतात तशा. वरून पाहिलं तर बैलगाडी जाईल असं वाटत होतं. मी काठावरून दोन पावलं आत टाकली. तिसऱ्याला खालचं सगळं मऊ झालं आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेले. पाय उपसायला जोर लावला तर मांडीपर्यंत. दुसरा पाय टेकला तर तोही गेला. मी जेवढी हलत होते तेवढा गाळ सैल होऊन मला आत घेत होता, आणि क्षणभर थांबले की चारी बाजूंनी आवळत होता. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्यातल्या एका ओळीचा मला तेव्हा उपयोग झाला नाही. कमरेला गार लागलं तेव्हा मी हाक मारली.

शेवंताबाई काठावरच होत्या. त्या धावत आल्या नाहीत, कारण धावल्या असत्या तर त्याही आत आल्या असत्या. जिथे होत्या तिथूनच त्यांनी सांगितलं, आवाज जराही न चढवता.

"हलू नोको. पाय उपसू नोको. मागं रेल, खाटेवर निजते तशी. हात पसर."

मी ऐकलं. मागे रेलले. वर नुसतं पांढरं आभाळ होतं. पाठीखालचा थर थोडा दबला आणि मग त्याने मला धरलं. शेवंताबाईंनी सेंट्रिंगच्या दोन फळ्या ओढत आणल्या, माझ्यापर्यंत सरकवल्या आणि स्वतः पोटावर पडून त्यांवरून आल्या. वर चारीवर काम करणाऱ्या बाईला पाण्याची नळी सोडायला सांगितली. ती नळी माझ्या मांडीला लावून त्यांनी गाळात खाली घातली, आणि पाणी आत शिरलं तसा पायाभोवतीचा आवळ सैल झाला. "आता एकच पाय. हळू. मी म्हणीन तवाच," त्या म्हणाल्या. एक पाय निघायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. त्या मध्येच थांबायच्या, मला श्वास घेऊ द्यायच्या, मग पुन्हा पाणी. दुसरा पाय निघाला तेव्हा त्यांचा रुमाल सुटून गाळात पडला होता आणि त्यांचे करडे केस मी पहिल्यांदाच पाहिले.

काठावर बसवून त्यांनी माझे पाय धुतले. मी नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. ऊन इतकं होतं की धुतलेली जागा लगेच वाळत होती आणि उरलेला गाळ कातडीवर ताणत होता. मग मलाच राहवेना. मी म्हटलं, मावशी, पाणी मी वाढवायला सांगितलं होतं आणि तुम्ही नको म्हणाला होता.

"मले माहीत नाही का?" त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही मालकांना सांगितलं काऊन नाही?"

त्यांनी माझ्या घोट्यावरचा गाळ बोटाने निपटला. "तू सांगशील म्हणून वाट पाहून राह्यले," त्या म्हणाल्या. "ते तुह्या तोंडानंच निघायले पायजे होतं."

मी तशीच, ओल्या कपड्यांनी, दिनकररावांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. गाळणीतून काढलेल्या चुरीपासून ते दोन दिवसांच्या गप्प बसण्यापर्यंत. ते खूप बोलले. शिकलेल्या लोकांवर बोलले, माझ्या कॉलेजवर बोलले. मी उभी राहून ऐकलं. शेवटी ते थांबले आणि माझ्या कपड्यांकडे पाहून त्यांनी विचारलं, खड्ड्यात पडलात की काय? मग त्यांचा चेहराच बदलला. खड्ड्याला कुंपण घालायला हवं होतं, ते राहिलं, असं ते स्वतःशीच म्हणाले. त्याच संध्याकाळी शेवंताबाईंना त्यांनी सगळ्यांसमोर बोलावलं आणि चूक त्यांची नव्हती असं सांगितलं. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच फिरवलं. असं करणारी माणसं पुढे नोकरीत मला फार भेटली नाहीत.

गजाननभाऊंकडे जायला मला जास्त भीती वाटत होती. ते प्लॉटच्या बांधावर बसले होते. माझं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पुन्हा येईन का हे खाली?" मी म्हणाले, मला नक्की सांगता येत नाही, पण शेवंतामावशींना येईल. ते उठले. "मग तिलेच विचारा अन् काय करायचं ते करा. माफी मागून गोंडे वाचत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रशर बंद ठेवून आम्ही सगळे त्यांच्या शेतात उतरलो. गाळ पुरता घट्ट होण्याआधी काढायचा होता. शेवंताबाई, इतर चार बाया, गजाननभाऊ, त्यांची बायको आणि मी. दांडे मोडू नयेत म्हणून फावडं चालत नव्हतं. हातांनी, घमेल्यांनी काढला. वरच्या वाफ्यांतले पिकलेले गोंडे भाऊंनी त्या दिवशीच खुडून घेतले. खालचे चार वाफे गेले, ते गेलेच. बाकीचा प्लॉट हाताला लागला. दुपारी भाऊंच्या बायकोने बांधावर भाकरी आणि ठेचा आणला आणि मला वेगळं न बसवता सगळ्यांच्या रांगेत बसवलं. माझ्या नखांत गाळ होता. मी तशीच जेवले.

चारीचं काय करायचं ते शेवंताबाईंनी सांगितलं. मी विचारलं, आणि या वेळी वही मिटून विचारलं. त्या म्हणाल्या, चारी फार रुंद आहे. भिंतीवर पातळ लेप दिला तर भिंत त्याला धरून ठेवते, जाड दिला तर तो आपल्या भाराने खाली येतो. रुंद चारीत गाळ पातळ पसरतो म्हणून धरून बसतो. अरुंद केली तर जाड होईल आणि आपोआप सरकेल. माझ्या पुस्तकात हेच एका समीकरणात होतं, थराची जाडी आणि उतार यांचा गुणाकार म्हणून. मी ते समीकरण शंभरदा लिहिलं होतं. त्यातली जाडी म्हणजे भिंतीवरचा लेप, हे मला कधी दिसलं नव्हतं.

दिनकररावांनी एका बाजूने दगडांची ओळ लावून चारी निम्म्याने अरुंद करून घेतली, वळणाच्या पुढे उतार वाढवला आणि पाणी पूर्वीइतकंच केलं. खड्ड्याला तारेचं कुंपण झालं. सकाळी गाळ सोडला तेव्हा आम्ही सगळे काठावर उभे होतो. तो आला, वळणापाशी जरा जाड झाला, फुगला, आणि मग अंगातल्या चुरीसकट शांतपणे पुढे गेला. शेवंताबाई फावड्यावर हनुवटी टेकवून बघत होत्या. त्या दिवशी त्यांना एकदाही चारीत उतरावं लागलं नाही.

मी सगळी मापं नव्याने घेतली, या वेळी चुरीसकट. चुकलेलं प्रकरण प्रबंधातून काढलं नाही. गाळणीतून काय निघून गेलं आणि त्याने काय झालं, ते सगळं लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर त्याच पानावर सर्वांत जास्त थांबले. मी पास झाले.

आता कधी कधी दूरच्या कुठल्या तरी खाणीतला गाळ बांध फोडून सुटल्याची बातमी येते. मी ती नीट वाचू शकत नाही. इतक्या मोठ्या गाळासमोर उभं राहून आधीच नको म्हणालेलं कुणी तरी असणार, असं मला दर वेळी वाटतं. माझा गाळ चार वाफ्यांवर थांबला. भोवतीच्या माणसांनी तो तिथे थांबवला. त्यांनी माझी चूक हातांनी उपसली आणि मला पुन्हा मापं घेऊ दिली. शिकवताना, मुलांच्या वह्या तपासताना, घरातही, मी त्या उन्हाळ्याच्या जिवावर जगत आले आहे.

निकाल लागल्यानंतर शेवंताबाई आमच्या गावी कुणाच्या तरी साखरपुड्याला आल्या आणि विचारत विचारत घरी पोचल्या. जयभीम झाला, पाणी झालं, मायने चहा टाकला. खड्ड्याबद्दल मी घरी काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. बोलता बोलता निघालं. माय शेगडीपाशीच थांबली. चहा उतू जायला आला तरी ती हलली नाही. मग तिने गॅस बंद केला, बाहेर आली आणि शेवंताबाईंचा हात धरून त्यांच्याजवळ भिंतीला टेकून बसली.

नंतर सावरून, काही तरी बोलायचं म्हणून, तिने विचारलं, "पोरगी कामात कशी आहे तुमच्या मतानं? एवढं शिकली, काही येते का तिले?"

शेवंताबाईंनी विचार केला. त्यांना उगाच काही म्हणायचं नव्हतं. माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे.

"ऐकते," त्या म्हणाल्या.